उमेदवारीची वर्षे

दसऱ्याला किंवा पाडव्याला नवी गाडी घरी आणताना आपण काही कमी पडू देत नाही. मुहूर्त पाहतो, हँडलला झेंडूचा हार घालतो, कुंकवाचे स्वस्तिक काढतो, नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. हप्ता किती, मायलेज किती, विमा कोणता, पहिली सर्व्हिसिंग कधी, या सगळ्याची बारकाईने चौकशी होते. उद्यापासून ती गाडी नाशिकच्या गंगापूर रोडच्या किंवा द्वारका चौकाच्या गर्दीत घालणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या तयारीची चौकशी मात्र बहुतेक घरांत ‘येते ना चालवता?’ एवढ्यावर संपते. उत्तर ‘हो’ असते आणि ते खरेही असते. तोल सांभाळता येतो, गिअर टाकता येतो, वळण घेता येते. पण गाडी चालवता येणे ही एक गोष्ट आणि रस्त्यावर गाडी चालवता येणे ही दुसरी. पहिली आठवडाभरात जमते, दुसरीला वर्षे लागतात. ही मधली वर्षे कशी काढायची, कोणाच्या देखरेखीखाली काढायची, त्या काळात काय करायचे आणि काय करायचे नाही, याची कसलीही व्यवस्था आपण केलेली नाही. तरुणांच्या अपघातांचा विषय निघाला की आपण ‘तरुण रक्त’, ‘मस्ती’, ‘आजकालची पिढी’ असे शब्द वापरून मोकळे होतो. मला वाटते, दोष रक्तात शोधण्याआधी या न केलेल्या व्यवस्थेत शोधायला हवा.

नुकसान किती मोठे आहे, ते आधी पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रातली, म्हणजे आपल्या राज्यात दिवसाला चाळीसहून अधिक. देशभरातल्या मृतांपैकी सुमारे ६६ टक्के १८ ते ४५ या वयातले होते. जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरचे होते आणि पन्नास हजारांवर माणसे अशी होती की त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते २९ या वयोगटात जगभर मृत्यूचे पहिले कारण रस्त्यावरचा अपघात हे आहे. ज्या वयात शरीर आजाराला सहसा दाद देत नाही, त्या वयातल्या माणसांना रस्ता सर्वांत जास्त मारतो. घरात साथ शिरली तर आपण पाणी उकळून पितो, लसीसाठी रांगा लावतो. इथे साथीसारखा आकडा दरवर्षी येतो आणि आपण तो नशिबाच्या खात्यावर टाकतो. ‘वेळ आली होती’ हे वाक्य शोकाच्या घरी समजण्यासारखे आहे. ज्या शहराला पुढची मुले वाचवायची आहेत, त्या शहराने मात्र ते बोलू नये.

नवा चालक अधिक धोक्यात का असतो, याची कारणे बरीचशी ठाऊक झालेली आहेत. अनुभवी चालकाची नजर पुढच्या गाडीच्या पलीकडे जाते. थांबलेल्या रिक्षाआडून माणूस बाहेर येईल, बसच्या पुढून शाळकरी पोर धावेल, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे दिवा नसेल, हे त्याला घडण्याआधी दिसते. नवख्याला ते घडल्यावर दिसते. हा फरक बुद्धीचा नाही आणि तो पुस्तक वाचूनही भरून निघत नाही; तो हजारो प्रसंग पाहून भरतो. त्यात वेगाची भर पडली की हिशेब झपाट्याने बिघडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते; ब्रेककडे बोटे जाईपर्यंतच एवढे अंतर संपलेले असते. वेग ४० वरून ६० वर नेला तर तो दीडपट होतो, पण धडकेतली ऊर्जा सव्वादोन पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. आणि तिसरी भर सोबत्यांची. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठाच्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. एकटे असताना आणि मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांच्या वागण्यात मोठा फरक पडला, तरुणांत त्याहून कमी आणि प्रौढांत जवळजवळ नाही. मित्र जवळ असले की कोवळ्या वयात धोका पत्करण्याची ओढ वाढते, मग मुलगा स्वभावाने कितीही शहाणा असो. पावसाळ्यात पहिन्याच्या धबधब्यांकडे किंवा रविवारी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरकडे ट्रिपल सीट निघालेल्या गाड्या पाहिल्या म्हणजे तिन्ही कारणे एकाच सीटवर बसलेली दिसतात: नवखेपणा, वेग आणि प्रेक्षक. आता मोबाइलमुळे प्रेक्षक सोबत नसला तरी चालतो. रील पाहणारा घरी बसूनही मागच्या सीटवरच्या मित्राचे काम करतो.

याच नाशिकमध्ये दुसऱ्या एका धोकादायक यंत्राबाबत आपण किती वेगळे वागतो, ते पाहण्यासारखे आहे. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात आयटीआय झालेला मुलगा शिकाऊ कामगार म्हणून लागला, तर त्याला पहिल्या दिवशी प्रेस मशीनवर एकट्याला कोणी उभे करत नाही. आधी तो बघतो, मग हाताखाली काम करतो, मग कोणाच्या तरी नजरेखाली मशीन चालवतो आणि मगच ते त्याच्या हाती सोपवले जाते. बोट जाऊ शकते, हे तिथे सगळ्यांना मान्य असते, म्हणून उमेदवारीची वर्षे कोणाला अपमान वाटत नाहीत. दुचाकीवर तर जीव जाऊ शकतो, आणि तिथे उमेदवारी नावाला उरली आहे. कायद्याने एके काळी तिची पायरी ठेवली होती. मोटार वाहन कायदा सोळा वर्षांच्या मुलाला ५० सीसीपर्यंतची, गिअर नसलेली गाडी चालवायला परवानगी देतो आणि अठराव्या वर्षी पुढच्या गाड्या. लूनाच्या जमान्यात या तरतुदीला अर्थ होता. आज दुकानात त्या क्षमतेची पेट्रोल गाडी शोधून सापडत नाही. घराघरातल्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत. पायरी कागदावर राहिली, बाजारातून गेली आणि अकरावीतला मुलगा थेट वरच्या मजल्यावर चढला. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. त्या तीस दिवसांत तो किती चालवायला शिकला, रात्री, पावसात, महामार्गावर कधी गेला का, हे कोणी विचारत नाही. आरटीओच्या मैदानात पाय न टेकता आठचा आकडा काढला की झाले. आठ काढण्याने तोल सिद्ध होतो. समोरून चुकीच्या बाजूने गाडी आली तर काय करायचे, याचे उत्तर त्यात नसते.

परवाना एका फटक्यात न देता टप्प्याटप्प्याने द्यावा, ही कल्पना काही हवेतली नाही. न्यूझीलंडने १९८७ मध्ये ती अमलात आणली. शिकाऊ आणि पूर्ण परवान्याच्या मध्ये तिथे मर्यादित परवान्याचा काळ घातला गेला. त्या काळात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी चालवायची नाही आणि सोबत समवयस्कांना बसवून न्यायचे नाही, अशा अटी होत्या. अटी नेमक्या त्याच परिस्थितीवर बोट ठेवतात, जिथे नवख्याचा धोका सर्वाधिक असतो: अंधार आणि सोबती. पुढे ऑस्ट्रेलियाने आणि अमेरिकेतल्या राज्यांनी आपापल्या परीने हीच वाट धरली आणि नवख्या चालकांच्या जीवघेण्या अपघातांत घट झाल्याचे तिथल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले. मुलांना गाडीपासून तोडले गेले नाही. त्यांना सोपे आधी आणि अवघड नंतर, या क्रमाने रस्ता दिला गेला. शाळेत आपण बेरजेआधी भागाकार शिकवत नाही. रस्त्यावर मात्र पहिल्याच महिन्यात रात्रीचा महामार्ग आणि मागे दोन मित्र, असा पेपर हाती देतो.

यावर पहिला आक्षेप रस्त्यांचा येईल आणि तो खरा आहे. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रोडवर मिरची हॉटेलच्या चौकात यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस अवजड वाहनाला धडकून पेटली आणि १२ जण गेले. जानेवारी २०२५ मध्ये द्वारकाजवळच्या उड्डाणपुलावर निफाडकडून परतणाऱ्या मंडळींचा टेम्पो लोखंडी सळया भरलेल्या ट्रकवर मागून आदळला आणि कित्येक घरांतले दिवे विझले. यांत चौकाची रचना, गाडीबाहेर आलेला माल, मालवाहू टेम्पोतून होणारी माणसांची वाहतूक असे अनेक प्रश्न आहेत. ‘तरुणांची मस्ती’ म्हणून ते झटकता येत नाहीत. खड्डे, अर्धवट दुभाजक, रुंदीकरणानंतर रस्त्यातच उभी राहिलेली झाडे, रात्री बंद असलेले पथदिवे यांची जबाबदारी महापालिका, सार्वजनिक बांधकाम आणि महामार्ग प्राधिकरण यांचीच आहे आणि ती कोणत्याही मुलाच्या माथी मारता कामा नये. पण रस्ता वाईट आहे, हे तयारीविरुद्धचे कारण कसे होईल? वाईट रस्त्याला तर अधिक तयार चालक लागतो. शिवाय रस्ता चांगला झाल्याने धोका आपोआप टळत नाही. मंत्रालयाच्या त्याच अहवालात ७१ टक्के मृत्यूंपुढे कारण म्हणून अतिवेग नोंदलेला आहे. अपघाताच्या नोंदीत ‘अतिवेग’ लिहिणे सोपे आणि चौकाची चूक लिहिणे अवघड, म्हणून हा आकडा थोडा सावधपणे घ्यावा. तरीही निम्मा धरला तरी तो हादरवणारा आहे. सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकचे रस्ते रुंद आणि गुळगुळीत होत आहेत. रुंद रस्ता चालकाला वेगाचे आमंत्रण देतो. तेव्हा डांबराबरोबर पादचाऱ्यांसाठी सुरक्षित ओलांडणी, वेग रोखणारी रचना आणि दिवे आले नाहीत, तर साधू-भाविकांसाठी बांधलेले रस्ते नंतरची बारा वर्षे आपल्याच मुलांची परीक्षा घेत राहतील.

दुसरा आक्षेप मुलांच्या बाजूने येतो आणि तो मोठ्यांना बोचणारा आहे. सिग्नल तोडणारे फक्त तरुण असतात का? पुढच्या चौकातून वळून येण्याचा कंटाळा करून उलट्या दिशेने येणारा, खांदा आणि कान यांत फोन धरून स्कूटर चालवणारा, लग्नाच्या वरातीतून पिऊन गाडी काढणारा बहुतेक वेळा चाळिशी ओलांडलेला असतो. हे मला पूर्ण मान्य आहे आणि माझ्या म्हणण्याला त्याने बळच मिळते. मूल गाडी चालवायला अठराव्या वर्षी शिकत नाही; ते बापाच्या पुढ्यात स्कूटरवर उभे राहून चौथ्या वर्षी शिकू लागते. पोलीस दिसला की हेल्मेट घालायचे आणि वळण संपले की हाताला अडकवायचे, हा पहिला धडा त्याला तिथे मिळतो. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे. त्याहून लहान मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट हवे आणि अशा वेळी वेग ४० च्या वर नको, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. शाळा सुटण्याच्या वेळी कॉलेज रोडवर उभे राहिले तर या नियमाचे काय झाले ते दिसते: आईच्या डोक्यावर कधीमधी हेल्मेट असते, मुलाच्या डोक्यावर जवळजवळ नाहीच. म्हणून उमेदवारी म्हणजे मुलांवर लादलेली बंधने, असे मी म्हणत नाही. उमेदवाराला उस्ताद लागतो आणि सध्या आपण उस्ताद म्हणून फार वाईट आहोत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. गाडी ही चैन नाही, गरज आहे. सिडकोतून गंगापूर रोडच्या कॉलेजात, पंचवटीतून अंबडच्या दुसऱ्या पाळीला, खेड्यातून क्लासला जायचे तर दुचाकीशिवाय वेळ साधत नाही. मुलींच्या बाबतीत तर स्कूटरने जे दिले ते कोणत्याही योजनेने दिले नसेल: भावाची वाट न पाहता बाहेर पडण्याची, संध्याकाळी कामावरून स्वतःच्या हिमतीवर घरी येण्याची मोकळीक. ही मोकळीक आखडणारा कोणताही उपाय मला मान्य नाही. पण टप्प्यांचा परवाना ती काढून घेत नाही. दिवसा कॉलेजला जाणे, कामावर जाणे, एकटीने गावभर फिरणे त्यात बसते. पाळीच्या कामगाराला रात्रीच्या अटीतून सवलत देता येते, तशी ती इतर देशांत दिलेलीही आहे. राहिला पर्यायाचा प्रश्न. महापालिकेने जुलै २०२१ मध्ये सिटीलिंकची बससेवा सुरू केली, हे योग्य पाऊल होते. कॉलेजच्या वेळेला भरवशाची बस मिळाली, तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देण्याचे निम्मे कारण नाहीसे होते. बसच्या फेऱ्या वाढवणे हा वाहतुकीचा प्रश्न आहे तितकाच मुलांच्या जिवाचाही आहे, आणि पालकसभेत ज्या जोराने आपण फीबद्दल बोलतो त्या जोराने बसबद्दल बोलायला हवे.

चौथा आक्षेप म्हणतो, एवढे शिकवत बसण्यापेक्षा कडक शिक्षा करा. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्श गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि जामिनासाठी त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, तेव्हा सारा महाराष्ट्र संतापला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. संताप योग्यच होता. पैशाने न्याय वाकवता येतो, ही शंका समाजाला आतून कुरतडते. पण शिक्षेची तरतूद आपल्याकडे आधीपासून आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १९९ क कलमानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी एक वर्षासाठी रद्द आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. इतका कडक कायदा असताना अल्पवयीन मुले रोज गाड्या घेऊन क्लासला जातात, कारण शिक्षा कितीही मोठी असली तरी ती आपल्याला होईल असे कोणालाच वाटत नाही. माणूस शिक्षेच्या आकाराला भीत नाही, तिच्या खात्रीला भितो. आणि खात्रीची शिक्षाही अपघातानंतर येते. कल्याणीनगरच्या त्या दोघांना वाचवण्याचा क्षण जामीन देणाऱ्या बाल न्यायमंडळासमोर नव्हता. तो काही तास आधी, किल्ली मुलाच्या हाती पडली तेव्हा होता आणि तिथे मोठी माणसे हजर होती.

नाशिकने या दिशेने एकदा पाऊल टाकले होते, त्याची आठवण ठेवायला हवी. तत्कालीन पोलीस आयुक्त दीपक पाण्डेय यांच्या काळात १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम सुरू झाली. तिची चर्चा खूप झाली. पंपचालकांची तक्रार होती की पोलिसांचे काम आमच्या गळ्यात का, आणि लोकांनी पेट्रोलपुरते उसने हेल्मेट घेण्याची शक्कल काढली. पण त्या काळातला दुसरा उपाय मला अधिक मोलाचा वाटतो: विनाहेल्मेट सापडलेल्याला दंड घेऊन सोडण्याऐवजी ट्रॅफिक पार्कमध्ये नेऊन दोन तास समुपदेशन करायचे. दंड भरणारा माणूस पाच मिनिटांत मोकळा होतो आणि त्याला आपण सरकारचे देणे चुकवले असे वाटते. दोन तास बसलेला माणूस निदान एकदा विचार करतो. हेल्मेटमुळे डोक्याची इजा सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी घटतो, हे जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन मांडलेले निष्कर्ष त्याला कोणी तरी समोर बसून सांगते. अशा मोहिमांचा दोष हा की त्या अधिकाऱ्याबरोबर येतात आणि बदलीबरोबर ओसरतात. लहान मुलांना वाहतुकीचे नियम शिकवणारे ‘नाशिक फर्स्ट’सारख्या संस्थेचे पार्क ज्या शहरात आहे, त्या शहराला उमेदवारीची व्यवस्था उभी करणे अवघड नाही. पकडलेल्यांना तिथे नेले जात होते. आता न पकडलेल्यांना, म्हणजे परवाना मागणाऱ्या प्रत्येकाला, परवान्याआधी नेले पाहिजे.

केंद्राचा कायदा बदलायला वेळ लागेल, पण त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. प्रत्येक महाविद्यालयाकडे आवार आणि फाटक आहे. पार्किंगचा पास देताना परवाना पाहणे, हेल्मेटशिवाय गाडी आत न घेणे, अकरावी-बारावीच्या मुलांना पास न देणे, हे प्राचार्यांच्या अधिकारातले आहे. क्लासचालकांनी आपल्या दारातल्या स्कूटर मोजल्या, तर त्यांतल्या किती अल्पवयीन मुलांच्या आहेत हे त्यांना सांगावे लागणार नाही; त्यांनीही हीच अट घालावी. आणि घरात न्यूझीलंडचा कायदा आजपासून लागू करता येतो. पहिले सहा महिने गाडी दिवसा आणि एकट्याने, मागे मित्र नाही. त्यानंतर रात्री, पण ओळखीच्या रस्त्याने. महामार्ग आणि घाट वर्षभरानंतर, पहिल्या काही वेळा मोठे माणूस सोबत घेऊन. उशीर झाला तर रागावणे नाही, कारण रागाच्या भीतीनेच मुले वेग वाढवतात. आणि या अटी सांगणाऱ्याने स्वतः हेल्मेटचा पट्टा लावलेला असावा. मुलावर अविश्वास दाखवण्यासाठी हे करायचे नाही. त्याच्या हाती जे यंत्र दिले, त्याचा धोका त्याच्यापासून लपवायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. गाडी घेण्याची ऐपत आली म्हणून ती देण्याची घाई करू नये. देण्याआधी वर्षभर शिकवण्याची तयारी असेल, तेव्हाच द्यावी. ती तयारी नसेल, तर दसऱ्याचा मुहूर्त एक वर्ष पुढे ढकलावा.